नवी सिस्टर ‘तयार’ नसते, की तिला तयार होऊ दिले जात नाही?

वॉर्ड इन्चार्ज, कोथरूड : बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे काढूनही मुलींना साधा इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत बसवायची नळी) लावता येत नाही, तेव्हा महाविद्यालयांनी ‘कामाला तयार’ परिचारिका पाठवाव्यात, असे एका रुग्णालय-व्यवस्थापकांनी काल लिहिले आहे. ते वाचून राहवले नाही. परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा असताना, रुजू झालेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात अर्ध्या वॉर्डाची रात्रपाळी एकटीवर दिली जाते. इन्शुलिनची कुपी मिलिलिटरमागे ४० युनिटची असेल तर लाल टोपणाची सिरिंज आणि १०० युनिटची असेल तर नारिंगी, हे तिला पाठ असते. परंतु रात्री दोन बेल एकदम वाजत असताना तेच भान टिकावे, यासाठी सुरुवातीचे काही महिने शेजारी जाणती सिस्टर लागते.

निवृत्त प्राचार्या : इन्चार्जताई, महाविद्यालयांना इतक्या सहज सोडू नका. केसबुकातील (रुग्णांवर केलेल्या कामाच्या वहीतील) नोंदी एकमेकींच्या वहीतून उतरवल्या जातात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. २०२१-२२ पासून सत्र पद्धत आली, सिम्युलेशनचे, म्हणजे मॅनिकिनवर (मानवी पुतळ्यावर) सरावाचे, तास आले, हे चांगलेच झाले. तथापि मॅनिकिनला अंगावर धावून येणारे नातेवाईक नसतात.

रात्रपाळी : आपण दोघी अभ्यासक्रमावर बोलत आहात आणि मी परिचारिका, माझी मूळ प्रमाणपत्रे आजही एका रुग्णालयाच्या कपाटात आहेत. बाँड (ठरावीक काळ तिथेच नोकरी करण्याचा करार) पूर्ण केल्याशिवाय ती मिळणार नाहीत, असे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये, पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. ती आमच्या व्यवस्थापनापर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

नर्सिंग होम चालक, हडपसर : दुसरी बाजूही ऐका. आम्ही मुलीला औषधांच्या मात्रेपासून ओव्हर देण्यापर्यंत (पाळी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवण्यापर्यंत) सगळे शिकवतो आणि हात बसला की ती नोटीस न देता मोठ्या रुग्णालयात किंवा आखातात निघून जाते. बाँड हा छळ नाही, नाइलाज आहे.

रात्रपाळी : शिकवले म्हणजे नेमके काय केले, डॉक्टर? आम्हाला ‘त्या सिस्टरकडे बघ’ एवढेच सांगितले होते, आणि त्या सिस्टरला स्वतःचेच रुग्ण आवरत नव्हते. याची किंमत आमच्या कागदांतून वसूल करणार?

नर्सिंग होम चालक, हडपसर : भाषा जपून वापरा. बरे, कागद अडकवणे चूक, हे मान्य; ज्यांनी अडकवले त्यांना जरूर सांगा. आता न सांगता पळून जाणेही चूक, एवढे औदार्य आपण दाखवाल?

निवृत्त प्राचार्या : दाखवू, डॉक्टरसाहेब, बाँडमध्ये प्रशिक्षणाचे महिने, शिकवणाऱ्या सिस्टरचे नाव आणि त्या काळात तिच्याकडचे रुग्ण किती कमी केले, हे लिहून आले तर. एकतर्फी कराराला नोकरीचा करार म्हणणे मला जड जाते.

वॉर्ड इन्चार्ज, कोथरूड : बाँडवर वेगळा धागा काढा. माझा प्रश्न साधा आहे : डॉक्टर, आपल्याकडे आज रात्री नवी मुलगी ड्यूटीवर असेल, तर तिच्यासोबत दुसरी कोण आहे?

नर्सिंग होम चालक, हडपसर : दुसरी ठेवली, तर खाटेचा दर वाढेल, आणि उद्या आपणच आमच्या बिलावर धागा काढाल.

वॉर्ड इन्चार्ज, कोथरूड : काढीन. तोवर रात्रीची दुसरी सिस्टर कोण, एवढे सांगा.