‘मी’ म्हणजे लेखक नव्हे! साहित्यातल्या संज्ञा वाचकाला लागतात की नाही?

शाईची बाटली (धागाकर्ती):
गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ होती. तासाभरात चर्चा कादंबरीतून उठली आणि नेमाड्यांच्या घरात शिरली. वडिलांशी खरंच इतकं बिनसलं होतं का, हॉस्टेलवर खरंच एवढे पैसे उधळले का. मी म्हटलं, अहो, हे कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर सांगतोय. उत्तर आलं, ‘एकच की हो!’

एकच नाही. लिहितो तो लेखक, सांगतो तो निवेदक. निवेदक खोटं बोलू शकतो, स्वतःला फसवू शकतो, अर्धवट माहितीवर पुढे रेटू शकतो. पांडुरंगचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घ्या. ही लेखकाची लकब म्हणून वाचलीत तर दहा पानांत वैतागाल. सांगणाऱ्याची म्हणून वाचलीत तर दिसतं, की हा पोरगा काहीच अंगाला लावून घ्यायचं नाही म्हणून बोलतोय. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी ही ढाल त्याला पुरत नाही. हे दिसायला ‘निवेदक’ हा शब्द हाताशी असावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

गावठाण:
साफ असहमत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नाथांचं विंचवाचं भारूड लागलं की हा विंचू कुठला, ते तिला बरोबर कळायचं. ‘रूपक’ हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. आणि ‘लेकी बोले सुने लागे’ ज्या घरात सकाळ-संध्याकाळ चालतं, तिथं अन्योक्ती शिकवायला मास्तर कशाला? संज्ञा आल्या की माणूस गोष्ट सोडून शिकारीला निघतो. कथेत कावळा आला रे आला, की ‘हे मृत्यूचं प्रतीक’. अरे, असू दे की कधी नुसता कावळा!

पाऊलवाट:
गावठाण +१. मला रडू आलं की कथा चांगली. बाकी परीक्षेपुरतं.

शाईची बाटली:
कावळ्यापुरती सहमत. पण भारूड तर माझ्याच बाजूनं साक्ष देतंय. नाथ ‘कामक्रोध विंचू चावला’ म्हणून किल्ली आधीच हातात ठेवतात, वर सत्त्वगुणाचा अंगारा लावा म्हणून उताराही सांगतात. आजचा कथाकार एवढा दयाळू नसतो.

खडूफळा:
३१ वर्षं मराठी शिकवलं, म्हणून बोलतो. भांडण संज्ञा हव्यात की नकोत यावर चाललंय, पण आपल्या संज्ञांनीच पोरांचा जो घोळ घातलाय त्याचं काय?

‘रूपक’च घ्या. अलंकारात रूपक म्हणजे मुखच चंद्र, उपमेय-उपमान एकरूप. रूपककथेत अख्खी गोष्टच दुसऱ्या कशाची तरी. संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे चक्क नाटक. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ग्रंथाचं नावच ‘दशरूपक’. आणि आकाशवाणीवर ‘रूपक’ लागायचं ते निराळंच. ‘उपरोध’ म्हणजे टोमणा, की माणूस करायला जातो एक आणि नियती त्याची थट्टा करते ते? शब्द एकच. तिथे ‘वक्रोक्ती’ (वाकडं बोलणं) वापरावी तर कुंतक या संस्कृत पंडितानं त्या शब्दावर सगळं काव्यशास्त्र उभं केलंय.

मी वर्गात शेवटी ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’ म्हणायचो. पोरांना लगेच कळायचं. पेपरात मात्र ‘उपरोध’ लिहा म्हणून सांगावं लागे.

अर्धविराम:
माझा अनुभव धागाकर्तीच्या बाजूचा. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही कादंबरी दोनदा अर्धवट टाकली. कथानक सापडेना. मग कुणीतरी ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द सांगितला: मनात जे जसं येत जातं, ते तसंच कागदावर. याचा इंग्रजी शब्द (stream of consciousness) विल्यम जेम्सच्या १८९० सालच्या मानसशास्त्राच्या ग्रंथानं रुळवला, कादंबरीवाल्यांनी नंतर उचलला. एवढं कळल्यावर कथानक शोधणं सोडलं आणि पुस्तक संपवलं. आवडलं का, ते विचारू नका.

(गंमत म्हणजे धाग्याच्या नावातली संज्ञा वेगळी, ही वेगळी. ही संज्ञा म्हणजे जाणीव.)

गावठाण:
बघा, खडूफळा सरांचाच मुद्दा झाला! बरं, मूळ विषय. ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमू ‘मी’ म्हणून बोलते. लिहिणारे हरिभाऊ आपटे. तिथं कुणाचा गोंधळ होतो का? शब्द न शिकवताच कळतं ना?

शाईची बाटली:
कारण ती बाई आणि लेखक पुरुष. फरक डोळ्यांवरच येतो. ‘कोसला’त बघा. नेमाड्यांचं जन्मगाव सांगवी, नायकाचं आडनाव सांगवीकर. दोघंही खानदेशातून पुण्याला शिकायला. पुस्तक आलं १९६३ साली, लेखक पंचविशीचा, आणि पांडुरंगही सुरुवातीलाच पंचवीस वर्षांचा असल्याचं सांगतो. म्हणजे लेखकानं सापळा मुद्दाम लावलाय.

गावठाण:
मग पडू दे की लोकांना सापळ्यात! लावणाऱ्याची तीच इच्छा असेल.

शाईची बाटली:
पडू दे. पण कादंबरी सोडून लेखकाच्या वडिलांची चौकशी करत बसले, तर सापळा लावल्याचंही कळत नाही हो त्यांना.

खडूफळा:
पुढच्या रविवारी काय घेताय?

शाईची बाटली:
विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. तिथेही ‘मी’च आहे, चक्रधर विध्वंस. बेडेकरांच्या घरात कुणी शिरायचं नाही, हे आधीच सांगणार आहे.

गावठाण:
मीही येतो. पण संज्ञांचा तक्ता वाटलात तर चहा पिऊन उठेन.