३०२ चं बाथरूम आणि २०२ चं छत

फ्लॅट ३०२: सोमवारपासून बाथरूमचं काम काढतोय. गवंडी म्हणतोय, जुन्या फरशीवरच केमिकलनं नवी बसवू, तोडाफोडी नको. चालेल का?

फ्लॅट १०१: नाही. खाली ओल आहे ती तशीच राहील. वर फरशी अर्धा इंच चढेल आणि पाणी उंबऱ्यावरून पॅसेजमध्ये येईल. २०२, तुमच्या छतातून थेंब कधी पडतात?

फ्लॅट २०२: सकाळी वरच्या अंघोळी उरकल्या की, काका. दुपारी थांबतात.

फ्लॅट १०१: मग बहुतेक नहाणी ट्रॅपचा (पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा किंवा त्याच्या भोवतीचा कोबा. नळाची लाइन फुटली असती तर रात्रंदिवस टपकलं असतं.
३०२, संकनमधला (बाथरूमच्या खाली घेतलेल्या स्लॅबवरचा) विटांचा भराव स्लॅब दिसेपर्यंत काढा. छन्नी-हातोड्यानंच, ब्रेकर मशीन नको; जुना स्लॅब हादरतो. कोपऱ्यांत सिमेंटची गोलाई (वाटा) करून घ्या, कोटिंग फाटतं ते काटकोनातच. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात: पहिला उभा, तो वाळला की दुसरा आडवा. भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला ६ फूट.
कोटिंग पाकिटावर लिहिलंय तितकं वाळू द्या. नंतर ट्रॅपला बूच मारून ४ इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलची खूण, ४८ तास. २०२ नं खालून बघत राहायचं. गवंडी घाई करेल, पण या दोन दिवसांत फरशीला हात लावू देऊ नका. पास झालं की आधी कोटिंगवर पातळ मसाला, मगच भराव. नाहीतर विटांच्या कडा कोटिंगला भोकं पाडतात.

फ्लॅट ४०१: लोखंडी जीआय पाइपही आताच बदला. बोअरच्या क्षारानं आणि गंजानं आतून बुजतात. गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप), जुन्या जीआयला जोडताना पितळी आट्यांचा अडॅप्टर. लाइनला प्रेशर देऊन बघितल्याशिवाय भिंतीतल्या पाइपच्या झिरी बुजवायच्या नाहीत.

फ्लॅट ३०२: ढाळ किती ठेवू? कमोड पण नवा आणलाय.

फ्लॅट ४०१: ६ फुटाला पाऊण इंच, ट्रॅपकडे. कमोड परत करता येतो ना? जुनं भोक भिंतीपासून ९ इंचांवर आहे की १२, ते मोजा. नव्या टाइल आणि मसाल्यानं भिंत इंचभर पुढे येते, ते धरून.

फ्लॅट ३०२: भोक सव्वानऊवर आहे. कमोड ९ चा.

फ्लॅट ४०१: मग इंच धरला तर सव्वाआठच उरतात, कमोड बसणार नाही. त्या भिंतीचा जुना प्लास्टर काढून नवी टाइल जुन्या पातळीत घ्या.

फ्लॅट १०१: सोमवारी ८ वाजता २०२-३०२ च्या लाइनचा वॉल्व्ह बंद करतो. दोघांनी रात्रीच पाणी भरून ठेवा. राडारोडा गोण्यांत भरून जिन्यानं उतरवा, चेंबरच्या झाकणावर टाकू नका.