शब्दचर्चा : लेंड-लीज म्हणजे उसनं, उधार की आणखी काही?

दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखमालेचं भाषांतर करतेय आणि ‘लेंड-लीज’पाशी गाडी अडलीय. १९४१ चा अमेरिकेचा तो कायदा, ज्याच्याखाली त्यांनी ब्रिटन, रशिया, चीन वगैरे दोस्त राष्ट्रांना शस्त्रं, ट्रक, धान्य, पेट्रोल असं सगळं पुरवलं. हिंदीत ‘उधार-पट्टा’ वाचलंय, पण मराठीत उधार म्हटलं की मला ‘आज रोख उद्या उधार’ची पाटीच दिसते. संपादक म्हणतात ‘लष्करी साहाय्य कायदा’ करून टाका. चूक नाही, पण त्यात लेंडही गेलं नि लीजही गेलं. काही सुचवा ना. आणि जाता जाता, कुमक, रसद, मदत यांत फरक कसा ठेवायचा? मूळ लेखात सगळीकडे ‘एड’च आहे.

* * *

कुमक म्हणजे माणसं. ‘जादा कुमक मागवली’ असं पेपरात येतं तेव्हा पोलीस येतात, पोलिसांचे डबे नाही येत. रसद म्हणजे दाणागोटा, वैरण, दारूगोळा, पैसा. पानिपतावर भाऊंना दोन्ही हवं होतं पण घात झाला तो रसदेपायी, डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि येणारा दाणा-पैसा आटला, पुढचं सगळ्यांना पाठ आहे. तर अमेरिकेने १९४१ च्या मार्चपासून जी पाठवली ती रसद, आणि पर्ल हार्बरनंतर तिचं सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं ती कुमक. हल्ली युक्रेनबद्दल लिहिताना कुणी ‘अमेरिकेची कुमक’ लिहिलं की मला वाटतं तिथे पलटणी उतरल्या की काय.

* * *

‘सहाय’ म्हणजे मदत करणारा, त्याचं भाववाचक ‘साहाय्य’. ‘सहाय्य’ व्याकरणात बसत नाही. संपादकांनी काना देऊन लिहिलं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. बाकी युद्धातलं मला कळत नाही.

* * *

ताई, उधार नकोच. उधारीत दुकानदार असतो, वही असते, भाव ठरलेला असतो, फक्त पैसे नंतर द्यायचे असतात. आणि अमेरिकेला नेमकं तेच दाखवायचं नव्हतं. पहिल्या महायुद्धातली कर्जं युरोपवाल्यांनी थकवली होती, त्या रागातून १९३४ चा जॉन्सन कायदा आला, थकबाकीदार देशाला नवीन कर्ज नाही. वर तटस्थतेचे कायदे. १९३९ पासून नियम असा की रोख पैसे मोजा आणि तुमच्याच जहाजातून माल घेऊन जा. म्हणजे आज रोख आणि उद्याही रोखच! हे चालतं जोवर गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे आहेत तोवर. ८ डिसेंबर १९४० ला चर्चिलनी रूझवेल्टना एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात जहाजं किती बुडतायत, काय काय हवंय हे सगळं सांगून शेवटी मुद्द्यावर आले की आता लवकरच आम्हाला रोखीने पैसे देणं जमणार नाही. रूझवेल्ट तेव्हा कॅरिबियन समुद्रात टस्कलूसा नावाच्या क्रूझरवर होते, पत्र समुद्री विमानाने तिथे पोचवलं.

परत आल्यावर १७ डिसेंबरला पत्रकार परिषद. तिथे त्यांनी तो प्रसिद्ध पाइप काढला. शेजाऱ्याच्या घराला आग लागलीय, माझ्याकडे बागेला पाणी घालायचा पाइप आहे, तर मी काय त्याला असं म्हणतो का की बाबा याचे मला १५ डॉलर पडले, आधी ते दे? मला १५ डॉलर नकोत, आग विझली की पाइप परत दे. आणि फाटला तर? तर शेजारी म्हणेल ठीक आहे, दुसरा आणून देतो. हे ऐकून मराठी माणसाच्या तोंडी एकच शब्द येणार, उसनं. वस्तू नेली, वस्तूच परत, तेवढीच, व्याज नाही, लिखापढी नाही. पैशांचा व्यवहार असला तरी तो ‘हातउसने’. त्याच परिषदेत ते हेही म्हणाले की मला यातून डॉलरचं चिन्ह काढून टाकायचंय. म्हणजे लोकांच्या मनात ‘उसनं’च उतरावं असा हा सगळा बेत होता.

आता गंमत बघा, कायद्यात उसनं जवळजवळ नाहीच. ११ मार्च १९४१ ला सही झाली. विधेयकाचा नंबर १७७६, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याचं साल, हा काही योगायोग नसावा. आणि कायद्याचं अधिकृत नाव आहे ‘अमेरिकेच्या संरक्षणाला चालना देणारा कायदा’, त्यात ना लेंड ना लीज ना ब्रिटनचं नाव. आत कलमात मात्र क्रियापदांची रांगच लावलीय. विकणे, मालकी देणे, अदलाबदल करणे, पट्ट्याने देणे, उसने देणे, किंवा अन्य कसंही देऊन टाकणे. कुणाला? ज्या देशाचं संरक्षण अमेरिकेसाठी महत्त्वाचं आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटेल त्याला. परतफेड? पैशात, वस्तूत, मालमत्तेत, किंवा राष्ट्राध्यक्षांना समाधानकारक वाटेल असा कुठलाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लाभ. ही शेवटची ओळ दोनदा वाचा, असली अट आपल्याकडच्या सावकारालाही सुचली नसती.

विरोधकांना हे दिसत होतंच. ओहायोचे सिनेटर टाफ्ट म्हणाले, लढाईचं सामान उसनं देणं म्हणजे च्युइंगम उसनं देण्यासारखं, तेच परत नको असतं कुणाला. आणि बरोबरच होतं. रशियाकडे निघालेल्या पीक्यू-१७ ताफ्यातली २४ मालवाहू जहाजं जुलै १९४२ मध्ये बुडाली, ती कुठून परत करणार. सोव्हिएत फौजेने स्टुडबेकरचे ट्रक पार बर्लिनपर्यंत पळवले, ट्रक आणि जीप मिळून चार लाखांच्या आसपास गेल्या म्हणतात, आणि डब्यातलं मांस तर सैनिकांनी खाऊनच टाकलं.

पण वसुली झाली नाही असं नाही, ती दुसऱ्या दाराने झाली. कायदा व्हायच्या आधीच, जानेवारी १९४१ मध्ये अमेरिकेची युद्धनौका दक्षिण आफ्रिकेत सायमन्सटाउनला जाऊन ब्रिटनचं सोनं घेऊन आली. मार्चमध्ये अमेरिकन व्हिस्कोज ही चांगली चालती ब्रिटिश मालकीची कंपनी विकायला लावली. २३ फेब्रुवारी १९४२ चा जो मुख्य करार झाला त्याच्या सातव्या कलमात ब्रिटनने कबूल केलं की व्यापारातला भेदभाव काढण्याच्या दिशेने जाऊ, म्हणजे साम्राज्याच्या आतल्याआत जे सवलतीचे जकातीचे दर होते त्यांच्यावर नेम. हाच तो ‘अप्रत्यक्ष लाभ’. सोनं आणि व्यापाराची दारं, दोन्ही शेजाऱ्याच्या पाइपाच्या हिशोबात कुठेच नव्हती.

तरीही माझं मत ‘उसनवारी कायदा’. कारण लेंड-लीज हे लोकांनी मानावं म्हणून लावलेलं टोपणनाव आहे, आणि त्या नावातला गोडवा मराठीत उसनवारीतच येतो. आतला व्यवहार सांगायची वेळ येईल तिथे ‘लष्करी मदत’ लिहा, नाव आणि व्यवहार यांत जी फट आहे ती वाचकाला आपोआप दिसेल. ‘पट्टा’ मात्र राखून ठेवा, तो सप्टेंबर १९४० च्या सौद्याला लागेल. ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला आणि बदल्यात न्यूफाउंडलंड, बर्म्युडा, कॅरिबियनमधल्या तळांच्या जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने अमेरिकेला. तो खराखुरा पट्टा.

* * *

मला तर हे सगळं वाचून ‘तैनाती फौज’च आठवली. मोठ्याने छोट्याला लष्करी मदत द्यायची आणि मानगुटीवर बसायचं. मराठीत तयार शब्द असताना नवीन कशाला पाडायचा?

* * *

> तैनाती फौज

नाही हो, दिशा उलटी आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाला मिळालं काय? कंपनीचं किमान ६,००० पायदळ, कायम त्याच्याच मुलखात मुक्कामाला, खर्चापोटी २६ लाखांच्या वसुलीचा मुलूख तोडून दिलेला, आणि इतर सत्तांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. म्हणजे ती कुमक होती, रसद नव्हे, आणि यजमान पाहुण्याच्या ताब्यात गेला. ब्रिटनने व्यापारात बरंच सोडलं, पण चर्चिलना स्टालिनशी बोलायला वॉशिंग्टनची परवानगी लागत नव्हती. तुम्हाला मराठेशाहीतलंच उदाहरण हवं तर १७५२ चा करार बघा, बादशाहीचं अब्दालीपासून आणि घरच्या शत्रूंपासून रक्षण करायचं मराठ्यांनी, बदल्यात ५० लाख रुपये आणि चौथाईचे हक्क. तिथे मदत देणारे आपण होतो, हे आपण सोयीस्कर विसरतो. पण तो मोबदला आहे, उसनं नाही, त्यामुळे इथे तोही चालणार नाही.

एक शब्द मात्र मी सुचवतो, ‘सावड’. रिव्हर्स लेंड-लीज म्हणून जो प्रकार होता, म्हणजे अमेरिकन सैन्य ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, हिंदुस्थानात होतं तेव्हा त्यांना अन्न, पेट्रोल, बराकी, धावपट्ट्या यजमान देशाने पैसे न घेता पुरवायच्या. तुझे बैल माझ्या शेतात, माझे तुझ्या. शहरी वाचकाला कळेल का माहीत नाही, पण ‘उलट उसनवारी’पेक्षा तरी बरा आहे.

* * *

सावड कोकणात आणि देशावर अजून कळते हो, घाबरू नका.

* * *

हिंदुस्थानचा विषय निघालाच आहे तर या अख्ख्या प्रकरणात शंभर टक्के उसनं म्हणावं असं एकच प्रकरण मला माहीत आहे, आणि ते आपलंच आहे. चांदी. युद्धात इथे महागाई भडकली, लोक रुपये वितळवायला नि गाडग्यात पुरायला लागले, नाणी पुरेनात. सरकारने १९४० मध्येच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, तरी भागेना. तेव्हा १९४४ पासून लेंड-लीजखाली अमेरिकेच्या तिजोरीतली २२.६ कोटी औंस चांदी इकडे आली, म्हणजे साधारण ७ हजार टन. अट काय? औंसाला औंस परत. किंमत, व्याज, ‘अप्रत्यक्ष लाभ’ काही नाही, चांदी नेली चांदी द्या.

मग फाळणी झाली आणि हे उसनंही वाटून घेतलं, १७.२५ कोटी औंस भारताच्या वाट्याला नि उरलेलं पाकिस्तानच्या. तोवर चांदीचे रुपये मागे घेऊन निकेलचे आणले होते, ते जुने रुपये वितळवून त्यांतली चांदी वेगळी काढायची होती, त्यासाठी कलकत्त्याला अलीपूरला चांदी शुद्ध करायचा कारखाना काढला. १९५७ पर्यंत चांदी परत गेली. हे ज्याच्या हातात ‘उसनवारी’वर लेख असेल त्याने सोडू नये, इतरांनी काय बुडवलं आणि काय तडजोडीत मिटवलं (सोव्हिएत संघाचं १९७२ मध्ये ७२.२ कोटी डॉलरवर ठरलं, तेही वर्षानुवर्षं रखडलं) त्याच्या शेजारी हे ठेवून बघा.

आणि मुंबईकरांसाठी एक. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झालेलं फोर्ट स्टिकीन हे जहाज कॅनडात बांधलेलं, लेंड-लीजमधूनच ब्रिटनला मिळालेलं. पोटात कापूस, स्फोटकं आणि सोन्याच्या विटा एकत्र. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्यात गेले, त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. रूझवेल्टच्या पाइपाची गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला ही आग आठवते.

* * *

वर कुणीतरी उधार नकोच म्हणालं, ते युद्ध चालू असेपर्यंत ठीक. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि ट्रुमननी लेंड-लीज फटकन बंद केलं, लंडनमध्ये हाय खाल्ली सगळ्यांनी. तेव्हा ब्रिटनमध्ये पोचलेला आणि वाटेत असलेला जो माल होता त्याचं काय? त्याची स्वस्तात किंमत लावली, ६५ कोटी डॉलर, पैसे नंतर. ही शंभर नंबरी उधारी. आणि त्याच करारात ३७५ कोटी डॉलर दोन टक्क्यांनी घेतले ते कर्ज. दोन्हीचे हप्ते फिटले डिसेंबर २००६ मध्ये. तेव्हा ताईंनी तिन्ही शब्द वापरावेत, फक्त जागच्या जागी, युद्धातलं उसनं, उरलेला माल उधार, वरचं कर्ज.

* * *

युक्रेनसाठी पण लेंड-लीज झालं होतं ना २०२२ मध्ये?

* * *

कायदा झाला, ९ मे २०२२ ला बायडननी सही केली, पण त्याच्याखाली एक काडतूसही गेलं नाही आणि सप्टेंबर २०२३ ला मुदत संपली. जे गेलं ते दुसऱ्या तरतुदींखाली. तेव्हा त्या मदतीला उसनवारी लिहू नका.

* * *

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी असं करतेय : पहिल्यांदा येईल तिथे ‘लेंड-लीज, म्हणजे उसनवारीचा कायदा’, पुढे नुसतं लेंड-लीज. माल तिथे रसद, माणसं तिथे कुमक, एकूण व्यवहाराला लष्करी मदत. १९४५ नंतरच्या प्रकरणात उधार आणि कर्ज वेगळं काढते, मूळ लेखात दोन्हीला एकच शब्द आहे आणि तिथे मी आधी चुकीचं केलं असतं. सावड संपादकांना दाखवली, ते नाशिककडचे आहेत, लगेच हो म्हणाले. चांदीचं मूळ लेखात काहीच नाही, तळटीप घालू देतात का विचारते. आणि साहाय्यवाले काका, त्यांनी काना दिला होता, नमस्कार पोचवला.