मदत हवी आहे: कॉपीराइट कायद्याबद्दल लोकप्रतिनिधींना भेटतोय, नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी. कॉपीराइट कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून आम्ही सातजणांनी लोकप्रतिनिधींची वेळ मागितली होती, ती मिळाली. पंधरा मिनिटं! निवेदन मात्र चार पानांवर गेलंय, आणि ते कुणी वाचेल असं मलाच वाटत नाही.

मूळ मुद्दा अनाथ कृतींचा. हक्काची मुदत संपलेली नाही, पण हक्कदार सापडत नाही अशी पुस्तकं, फोटो, ध्वनिमुद्रणं. आत्ता माझ्या टेबलावर असंच एक पुस्तक आहे. पान उलटलं की कोपरा हातात येतो. प्रकाशन कधीच बंद पडलंय, लेखकाच्या वारसांचा पत्ता नाही. स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवायचं तर परवानगी मागायची कुणाकडे?

गटातले दोघं म्हणतात, मुदतच ३० वर्षांवर आणा म्हणू. मला ते पटत नाही. बर्न करारानुसार (कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) पुस्तकांसाठी लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं द्यावीच लागतात, म्हणजे पहिल्याच वाक्याला आपण उघडे पडणार. त्यापेक्षा युरोपीय संघाने २०१२ साली केलं तसं मागावं: ग्रंथालयांनी आधी कसून शोध घ्यायचा, मग कृती खुली करायची, आणि हक्कदार पुढे आलाच तर त्याला मोबदला.

कुणी अशा भेटीला गेलंय का? एकच मागणी न्यावी की कलमाचा मसुदाच हातात द्यावा? पुस्तक सोबत न्यावं असं मनात आहे, पण ते नाटकी वाटेल का? आणि नंतर पाठपुरावा किती दिवसांनी करता?