मशीनआधी कच्च्या मालाचा पैसा बाजूला काढा

रत्नांच्या खड्यांना पैलू पाडण्याचा उद्योग कर्ज काढून सुरू करायचा म्हणून तुम्ही हिशोब मांडलाय. त्यात जवळजवळ सगळं कर्ज मशीन आणि गाळ्यावर जातंय, कच्च्या खड्यांसाठी फारच थोडं उरतंय. इथेच अडकाल. पैलू पाडताना दगडाचा मोठा भाग घासूनच जातो. माझ्या पहिल्या १०० ग्रॅम ॲमेथिस्टमधून (जांभळ्या खड्याच्या कच्च्या दगडातून) २२ ग्रॅम तयार माल निघाला. दोन खडे तर अगदी शेवटी, पॉलिशला लावल्यावर, आतल्या चिरेवर उकलले. त्यात विक्री उधारीची. दोन-तीन महिने खेळतं भांडवल हवंच.

पीएमईजीपीत, म्हणजे छोट्या उद्योगाच्या कर्जाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, खुल्या प्रवर्गाला अनुदान शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५, म्हणून गावातली जागा आधी बघा. मात्र ते अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, ते हातात येईल असं धरू नका.

आणि एक्झॉस्ट व पाण्याची सोय कृपा करून पहिल्याच अंदाजपत्रकात घाला. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक (ॲगेट) दगडाच्या कारागिरांची फुप्फुसं दगड घासताना उडणाऱ्या कोरड्या धुळीने, त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या रोगाने, गेली आहेत. घासताना चाकावर पाण्याची धार हवीच, कारागीर कितीही घाईत असला तरी.