विषय: आईला ओव्हरलँड ट्रॅक जमेल का?

नमस्कार मंडळी,

आई फेब्रुवारीत येतेय. वय ६३, रोज सकाळी पाच किलोमीटर चालते, तरुणपणी सह्याद्री भरपूर पालथा घातलाय. तिला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरची ओव्हरलँड ट्रॅक ही डोंगरातली पायवाट दाखवायची फार इच्छा आहे. गाइडबरोबर सहा दिवस चालायचं, रात्री खासगी हटमध्ये मुक्काम. तिथे गादी, गरम शॉवर, आयतं जेवण, सगळं आहे म्हणतात. एवढी सोय असेल तर तिला जमेल ना? आणि नॅशनल पार्कात अशी सोय असावी का, हेही मनात आहेच. कोणी जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

---

अगं, मी दोन वर्षांपूर्वी असंच गाइडबरोबर गेले होते. आईंना जमेल, पण तयारी करूनच. सगळी सोय हटच्या दारापासून आत. दाराबाहेर क्रेडल माउंटन ते लेक सेंट क्लेअर सुमारे ६५ किलोमीटर आपल्याच पायांनी कापायचे असतात. पहिल्याच दिवशी मॅरियन्स लुकआउटचा चढ लागतो, शेवटच्या टप्प्यात साखळी धरून चढावं लागतं. पुढे कुठे लाकडी फळ्यांची वाट, तर कुठे नुसती मुळं आणि चिखल. मध्ये गाडीरस्ता नाही, त्यामुळे "आज थांबते, उद्या गाडीने येते" असं करता येत नाही. जेवण आणि तंबू आपल्या पाठीवर नसतात, पण कपडे, रेनकोट, पाणी आणि दुपारचा डबा असतोच.

हवेचं म्हणशील तर तिथे भर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतो. आमच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं आणि दुपारी गारांचा मारा. संध्याकाळी हटमधल्या वाळवणीच्या खोलीत ओले मोजे टांगले आणि दुसऱ्या दिवशी कोरडे घातले, ते सुख मी अजून विसरलेले नाही. साठीनंतर सहा दिवस सलग चालायचं तर रात्री कोरडं आणि ऊबदार राहणं याला मी चैन म्हणणार नाही.

पाणी छपरावरून टाक्यांत साठवलेलं पावसाचं, म्हणून शॉवर झटपट उरकायचा. संडासातला मैलासुद्धा हेलिकॉप्टरने बाहेर नेतात. पहिल्या संध्याकाळी गाइडने हे सगळं समजावून सांगितलं, त्यानंतर नळ सोडताना प्रत्येकाचा हात आपोआप आखडायचा. वाटेवर बूट घासून धुवावे लागतात, कारण मातीबरोबर झाडांची मुळं कुजवणारा रोग पसरतो. तेवढं मात्र दमलेलं असतानाही टाळू नका.

---

ताईंनी लिहिलंय ते खरं आहे, पण मी तंबूवाला माणूस, म्हणून दुसरी बाजू मांडतो. खासगी हट १९८७ पासून आहेत. हा प्रदेश १९८२ पासून जागतिक वारसा. गुस्ताव वाइनडॉर्फर आणि त्यांच्या पत्नी केट यांनी १९१२ मध्ये इथे वाल्डहाइम हे पाहुण्यांसाठीचं लाकडी घर बांधलं, ते लोकांनी यावं म्हणूनच. हा डोंगर सर्वांसाठी राखला जावा याचा त्यांना ध्यास होता. पुढे बर्ट निकल्स या सापळे लावून शिकार करणाऱ्या माणसाने १९३१ च्या सुमारास वाट आखली. अशा जागी काही हजार डॉलर भरणाऱ्यालाच गरम पाणी, हे मला पटत नाही. खासगी हट आहेत तेवढ्याच राहाव्यात, वाढू नयेत.

सरकारी हटही चांगल्या आहेत. झोपायला साधे फळ्यांचे बाक, छप्पर, टाकीचं पाणी. मात्र जागा राखीव नसते, तंबू बरोबर हवाच. शिधा आणि स्टोव्ह आपला, शेकोटीला बंदी. १ ऑक्टोबर ते ३१ मे चालायचं तर परवाना आधी काढावा लागतो, आणि दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच. रोज किती जणांनी निघायचं यालाही मर्यादा आहे. माझ्या मते जंगल टिकलंय ते या मर्यादेमुळे.

एक काळजी घ्या. करावाँग हा काळा पक्षी पाठपिशवीची चेन चोचीने उघडतो. पिशवी उघड्यावर ठेवली की डबा गेलाच.

---

काका, तुमचं म्हणणं पटलं. पण पंधरा किलोचं ओझं आईला झेपणार नाही, आणि तिला सोडून मला जायचं नाही. म्हणून गाइडबरोबरच जाऊ.

ताई, तिथल्या फेगस या झाडाची पानं एप्रिलअखेरीस तांबूस-सोनेरी होतात ना? आई मेपर्यंत आहे. थंडी जास्त आणि दिवस लहान असेल, तरी त्या सुमाराची तारीख मिळते का विचारते. तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. उद्यापासून पाठपिशवीत सहा किलो तांदूळ भरून सोसायटीचे चार मजले चढणार म्हणाली. उतरतानाही पिशवी पाठीवरच ठेव, असं मी तिला सांगितलंय.