अडेलतट्टू कोण, गाढव की तट्टू?

शेजारच्या वहिनींनी परवा मुलाचा निबंध वाचायला दिला. त्यात वाक्य होतं, 'गाढव हा अडेलतट्टू प्राणी आहे.' "हे बरोबर आहे का हो?" त्यांनी विचारलं. व्याकरणात चूक नव्हती, पण मला ते खटकलं.

तट्टू म्हणजे लहान चणीचं घोडं. वाटेत अडून बसणारं तट्टू ते अडेलतट्टू, आणि त्यावरून हटवादी माणूस. म्हणजे हा शब्द घोड्याच्या घरातला. मराठीने गाढवाला हट्ट दिलाच नाही, दिला तो मूर्खपणा. 'गाढवपणा केलास' म्हटलं तर हट्ट केलास असा अर्थ कुणी घेत नाही. गाढवाला गुळाची चव काय, गाढवापुढे वाचली गीता, गद्धेपंचविशी, सगळीकडे तेच. त्याच्या कष्टांची दखल घेणारा शब्द पटकन आठवतो तो एकच, गाढवमेहनत. 'गाढवासारखा हट्टी' ही उपमा इंग्रजीच्या वळणाने आली असावी, असं माझं मत.

पण गाढव अडतं हे तर खरं ना? इथे मला एक पावसाळी सकाळ आठवते. पंचवटीत गोदाघाटाजवळ रेतीच्या गोण्या वाहणारी चार गाढवं चालली होती. रस्त्यात गढूळ पाण्याचं डबकं. पहिलं गाढव थांबलं. मान खाली, दोन्ही कान पुढे, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला. मागून येणाऱ्या एका दुचाकीवाल्याने हॉर्नवर हॉर्न वाजवले. गाढववाले बाबा शांतपणे म्हणाले, "अडलं नाई ते. पाण्याचा ठाव बघतंय." मिनिटभराने त्याने डबक्याच्या कडेने पाऊल टाकलं आणि मागची तिन्ही त्याच्यामागून गेली.

बाबांचं बरोबर होतं. घोडा घाबरला की उधळतो, गाढव घाबरलं की बहुधा जागीच थबकतं. त्याचे पूर्वज आफ्रिकेतले रानगाढव, कोरड्या, खडकाळ मुलखातले. तिथे आंधळेपणाने पळण्यापेक्षा थांबून बघणं जास्त उपयोगी. आपण त्या थांबण्याला हट्ट म्हणतो, आणि मग काठी पडते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वैशाखनंदन या शब्दाची गंमतही अशीच. लोक सांगतात, उन्हाळ्यात गाढव चरत पुढे जातं, मागे वळून बघतं, गवत दिसत नाही, 'एवढं सगळं मीच खाल्लं' या आनंदात लठ्ठ होतं. हसायला ठीक. पण वैशाखातही गाढव बऱ्यापैकी तग धरतं, हे निरीक्षण अगदी खरं आहे. सुक्या, निकस चाऱ्यावर भागवायची त्याच्या पोटाची ताकद मोठी, आणि लांब कानांतून अंगातली उष्णता बाहेर जाते.

नाशिककरांच्या ओळखीचा एक शब्द राहिलाच. नाशिकला आपण जनस्थान मानतो, आणि जनस्थानातला राक्षस खर. संस्कृतात खर म्हणजे गाढवच. शिवाय तीक्ष्ण, कठोर, कर्कश असेही अर्थ. प्रखरमधला खर तो हाच. याच गोदेच्या काठच्या पैठणच्या एकनाथांनी मात्र रामेश्वरासाठी आणलेलं कावडीतलं गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, अशी कथा आहे. त्या गोष्टीत गाढव ना मूर्ख, ना हट्टी. फक्त तहानलेलं.

आता एक प्रश्न. घोडा खिंकाळतो, गाय हंबरते, म्हैस रेकते, आणि गाढव? शाळेच्या यादीत नुसतं 'ओरडणे'. श्वास आत घेतानाही आणि बाहेर सोडतानाही आवाज काढणाऱ्या, लांबवर ऐकू जाणाऱ्या या प्राण्याला स्वतःचं क्रियापद नसावं? कुंभारवाड्यात किंवा वीटभट्टीवर कुणी वेगळा शब्द ऐकला असेल तर जरूर सांगा. वहिनींच्या मुलाने वाक्य बदललंय, 'गाढव बघून पाऊल टाकतं.'